मोजणीसाहेबांचं वजन आणि एकशे त्रेचाळीस दाते

सोमवार, ३ मार्च

जगात मोठमोठे अन्याय होतात आणि त्यांची नोंद ठेवायला इतिहासकार नेमलेले असतात. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझं स्टूल गेलं. त्याची नोंद मलाच ठेवावी लागणार.

खोली क्रमांक चौदामध्ये चार स्टुलं आहेत. तीन डुगडुगतात. चौथं डुगडुगत नाही, त्याला पाठ आहे, आणि अकरा वर्षं बसून बसून त्याला माझा आकार आलेला आहे. त्यावर आज भांडार विभागाचे एक तपासनीस न विचारता बसले. साठीला टेकलेले, इस्त्रीचा शर्ट, वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं. मांडीवर लांबलचक नोंदवही. "तीन दिवसांचं काम आहे," म्हणाले. "खोलीतली प्रत्येक वस्तू मोजायची. समितीने ठरवलं तर खोली रिकामी करावी लागेल, तेव्हा आकडा तयार असावा."

म्हणजे प्रेताचं माप आधीच घ्यायला आले होते.

"हे काय?" त्यांनी टेबलाकडे पेन रोखलं.

"लेसर."

"किती?"

"एक."

"रंग?"

"डोळ्यांना दिसत नाही."

त्यांनी लिहिलं: लेसर, एक, रंग नाही. मग सभ्यपणे विचारलं, "करतो काय?"

मी सांगितलं. साधा लेसर एकच सूर लावतो. आमचा तांदळाच्या दाण्याएवढा चिप-लेसर एका दमात एकसष्ट सूर लावतो, सगळे सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दात्यांसारखे. म्हणून त्याला कंगवा म्हणतात. साहेबांनी माझ्या टकलाकडे पाहिलं आणि गप्प राहिले. माणूस वाईट नाही.

जितके दाते जास्त, तितके जास्त वायू एका फटक्यात ओळखता येतात. प्रकल्पाच्या अर्जात आम्ही एकशे वीस दात्यांचं वचन दिलं होतं. अर्ज लिहिताना माणूस नवरदेवासारखा आशावादी असतो. तीन वर्षं झाली, आम्ही एकसष्टावर आहोत. विजेचा प्रवाह वाढवला की सुरांचा पट्टा रुंदावतो, पण दात्यांमधली अंतरं बिघडतात. मग तो कंगवा राहत नाही, झाडू होतो. सत्तावीस तारखेला समिती येणार. एकशे वीस दिसले नाहीत तर खोली मोडक्या खुर्च्या ठेवायला जाणार, लेसर खोक्यात जाणार, आणि धाकटी घरी जाणार. धाकटी म्हणजे माझी सहायक संशोधक. तिची नेमणूक या खोलीच्या नावाने आहे.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांनी आमचा काळा ठोकळा जप्त केला.

टेबलाच्या उत्तर कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा एक काळा ठोकळा असतो. लेसरचा वापरून उरलेला झोत त्याच्यावर जाऊन मरतो. एवढंच त्याचं काम, आणि ते तो मुकाट्याने करत होता. पण त्याच्यावर वस्तुक्रमांक नव्हता.

"क्रमांक नाही म्हणजे वस्तू नाही," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही उचलताय काय?"

"बेवारस."

ठोकळा पिशवीत गेला, पिशवीला लाख लागली. रिकाम्या जागेवर साहेबांनी आपली पाण्याची स्टीलची बाटली ठेवली. खाली गोल ओला डाग. हवेवर तरंगणारं, केसाएवढीही थरथर न चालणारं टेबल, आणि त्यावर बाटलीचा डाग! धाकटी म्हणाली, "जाऊ द्या सर, दोन दिवस." ती फडक्याने डाग पुसत राहते आणि साहेब पुन्हा बाटली ठेवत राहतात. दोघांत काही बोलणं झालं असेल असं वाटत नाही, पण लय जमली आहे.

बुधवार, ५ मार्च

सकाळी दहा वीसला पडद्यावर एकशे आठ दाते उभे राहिले.

धाकटी किंचाळली. मी आधी तिलाच रागावलो, कारण मला वाटलं तिने प्रवाह वाढवून झाडू केला. तिने दुसऱ्या पडद्यावरची रेघ दाखवली. दात्यांची अंतरं सारखी असली की ती रेघ सुईसारखी बारीक दिसते, बिघडली की सुजते. रेघ सुई होती. खराखुरा कंगवा, एकशे आठ दात्यांचा.

एक वाजता साहेब आपलं सामान आवरून जेवायला गेले. एकसष्ट. दोन वाजता परत येऊन बसले. एकशे बारा. साडेपाचला घरी गेले. एकसष्ट.

मी आणि धाकटी एकमेकांकडे बघत राहिलो. तीन वर्षं आम्ही चिप बदलल्या, तापमान बदललं, बाहेरून विजेचे ठोके देऊन पाहिले. आणि हे गृहस्थ नुसते बसतात!

गुरुवार, ६ मार्च

मोजणी काल संपायची होती. ती संपू द्यायची नाही, असं मी रात्रीच ठरवलं होतं. सकाळी लवकर जाऊन पेचकसांच्या खणातले चार पेचकस भिंगांच्या खणात टाकले. साहेबांनी मोजलं, आकडा जुळला नाही, पुन्हा पहिल्यापासून. माणूस इतका भाबडा की त्याची दया येते.

धाकटी हळूच म्हणाली, "सर, काल आकडा जुळला होता. मी पाहिलं, तीनशे बारा. आज सकाळी त्यांनी ते पान वहीतून काढून खिशात घातलं."

"वय झालंय," मी म्हटलं. "गोंधळतात."

सोमवार, १० मार्च

सिद्धान्त तयार आहे. तरंगत्या टेबलाशेजारी ठरावीक वस्तुमान ठरावीक जागी बसलं की जमीन किंचित दबते, टेबल कलतं, लेसरच्या आत प्रकाशाचा रस्ता बदलतो, दाते वाढतात. नाव दिलं: आसनस्थ वस्तुमानाचा परिणाम. चौदा पानं झाली. तिसऱ्या समीकरणात साहेब ग्रीक अक्षर होऊन बसलेत, शोभून दिसतात.

आता वजन हवं. पार्सलचा काटा ओढत आणला आणि म्हटलं, "साहेब, हा काटा चालू म्हणून नोंदवायचा की बंद म्हणून?" ते म्हणाले, "त्यावर काहीतरी ठेवल्याशिवाय कसं सांगणार?" आणि स्वतःच चढले. एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम. चालू म्हणून नोंद झाली.

धाकटी म्हणाली, "सर, मघाशी साहेब दहा मिनिटं व्हरांड्यात गेले होते. बाटली, वही सगळं इथेच. तरी दाते तसेच होते."

"आसनाची ऊब. ती उरते."

"दहा मिनिटं?"

"साहेबांची उरते."

शनिवार, १५ मार्च

कामावर सुट्टी. माझ्या मेहुण्याला उचलून आणलं. बहात्तर किलो, घड्याळ, पट्टा आणि पाकीट काढून एकाहत्तर चारशेला आणला. स्टुलावर बसवला. एकसष्ट.

"जरा ताठ बस."

एकसष्ट.

"हातात वही धर. मोजल्यासारखं कर."

एकसष्ट. दुपारी दोनपर्यंत बसला बिचारा, बिस्किटांचे दोन पुडे संपवले. त्याने वजन वाढलं असेल म्हणून मी पुन्हा तोलला. शेवटी तो वैतागला. "भावजी, सरळ सांगा, त्या माणसात असं काय आहे जे माझ्यात नाही?"

"शासकीय अनुभव," मी म्हटलं.

घरी जाऊन त्याने बहिणीला सगळं सांगितलं. रात्री बायको म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्या भावाला पट्टा काढून काट्यावर उभं केलंत?"

"विज्ञानासाठी."

"ते साहेब एवढे रोज येतात, त्यांच्या घरचे काही म्हणत नाहीत?"

बायकांना प्रयोगात नेमकं काय महत्त्वाचं, ते कळत नाही.

मंगळवार, १८ मार्च

भयंकर दिवस. साहेब नऊला आले, बसले, वही उघडली. एकसष्ट. दहा वाजले, अकरा वाजले. एकसष्ट. मी स्टूल चार बोटं पुढे घेतलं, मागे घेतलं. साहेब न बोलता स्टुलासकट सरकत राहिले. कोणत्याही खात्यातल्या माणसाने इतकं सहकार्य केलेलं मी पाहिलेलं नाही.

चेहरा उतरलेला वाटला. मनःस्थितीचा परिणाम असेल का? म्हणून केक मागवला. त्यांनी अर्धाच खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळला. मग गुंडाळी उघडून तोही खाल्ला. पाणी मागितलं. धाकटीने विचारलं, "आज बाटली नाही आणली?"

"भरायची राहिली," ते म्हणाले. "अजून सवय झाली नाही."

अडतीस वर्षं नोकरी झाली आणि बाटली भरायची सवय नाही! असे लोक दुसऱ्यांची भांडारं तपासतात. फायदा एवढाच की टेबलावर डाग पडला नाही.

बुधवार, १९ मार्च

एकशे एकोणीस! साहेब खुशीत. केकचा परिणाम एक दिवस उशिरा होतो, असं दिसतं. पान पंधरावर तसं जोडलं.

शुक्रवार, २१ मार्च

संचालक येऊन गेले. पडद्यावर एकशे सतरा. "रुंद झालंय की!" म्हणाले. मग साहेबांकडे बघून, "हे कोण?"

"ते प्रयोगाचा भाग आहेत," मी म्हटलं.

"यांना वस्तुक्रमांक दिलाय का?"

साहेब पहिल्यांदाच मोठ्याने हसले. धाकटीही हसली. मी हसलो नाही. संचालक विनोद करतात तेव्हा तो विनोद असतो की आदेश, हे आठवडाभराने कळतं.

मंगळवार, २५ मार्च

परवा समिती. आज दार लावून घेतलं आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. तुम्ही बसलात की लेसर रुंदावतो, उठलात की आक्रसतो. पेचकस मी लपवत होतो. समितीसमोर फक्त एक तास बसा, या खोलीत आमचा जीव आहे.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बसता येणार नाही. ज्या खोलीचा अहवाल मी देणार, तिच्या प्रयोगात मी बसलो तर अहवाल रद्द. मग खोली तशीही जाईल." मग माझ्याकडे बघून, "आणि पेचकस तुम्ही लपवताय हे मला माहीत होतं. चौथ्या दिवसापासून तुम्ही तेच चार लपवताय."

माझा चेहरा कसा झाला असेल, ते लिहीत नाही.

धाकटी स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत होती. ती रडली असती तर मला काही बोलता आलं असतं. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या वहीत रोजचं सगळं आहे का?"

"दर अर्ध्या तासाला. टेबलावर काय, कुठे. नियम आहे."

"वाचाल?"

ते वाचू लागले, ती आमच्या वहीतले दाते सांगू लागली. चार तारखेला लेसर बंद. पाच तारखेला दहा वीसपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे आठ. साहेबांचा आवाज एकसुरी, शाळेत हजेरी घेतल्यासारखा. भिंगं सहा. आरसे चार. वैयक्तिक वस्तू: बाटली, स्टील, एक, उत्तर कोपरा. पुढचं पान. भिंगं सहा. आरसे चार. वैयक्तिक वस्तू: बाटली. पुढचं. शनिवार पंधरा, साहेब गैरहजर, नोंद नाही. अठरा तारीख. भिंगं सहा. आरसे चार. वैयक्तिक वस्तू: निरंक.

"थांबा," धाकटी म्हणाली.

आम्ही तिघेही उत्तर कोपऱ्याकडे वळलो. तिथे ती होती. पोटाशी गोल, घासून चकचकीत, खाली ओला डाग.

उरलेला झोत जिथे ठोकळ्यावर मरायचा, तिथे तीन आठवडे तो बाटलीवर आपटून अगदी थोडासा परत लेसरमध्ये येत होता. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्हाला दिसला नाही. मला तर समोरची बाटलीही दिसली नाही, फक्त तिचा डाग दिसला. धाकटीने बाटली उचलली: एकसष्ट. ठेवली: एकशे सोळा. साहेबांना खोलीबाहेर पाठवलं: एकशे सोळा.

ते बाहेरून ओरडले, "येऊ का?"

सतरा पानं झाली होती सिद्धान्ताची. पाठीमागची बाजू कोरी आहे, वापरता येईल.

बुधवार, २६ मार्च

दिवसभर बाटली. धाकटीने आधी बाटलीऐवजी चांगला सपाट आरसा लावला. इतका प्रकाश परत आला की लेसर पिसाटला, कंगव्याचा झाडू झाला. बाटलीचं पोट गोल, म्हणून बराचसा प्रकाश इकडेतिकडे उधळला जातो आणि चिमूटभरच परत येतो. तो चिमूटभरच हवा होता. बाटली अर्धं बोट मागे, पाव बोट पुढे. संध्याकाळी चारला एकशे त्रेचाळीस. रेघ सुई. धाकटीने बाटलीभोवती पेन्सिलने गोल काढला आणि त्या गोलाच्या आत कोणीही श्वास घ्यायचा नाही असं जाहीर केलं.

साहेब दिवसभर नळावर जाऊन ओंजळीने पाणी पीत होते.

गुरुवार, २७ मार्च

समितीत पाच जण. चौघांनी पडदा पाहिला. पाचव्या बाई, अध्यक्ष, टेबल बघत होत्या.

धाकटीने न अडखळता समजावलं. परत येणारा प्रकाश, अंतर, दाते. एकशे त्रेचाळीस. एक सदस्य म्हणाले, "वचनापेक्षा तेवीस जास्त."

"ही बाटली कोणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेब दाराशी उभे होते. "माझी. वैयक्तिक वस्तू."

"म्हणजे संस्थेचा निकाल एका खासगी बाटलीने लागलाय."

"तसं..." मी म्हटलं.

"असा निकाल संस्थेचा धरता येत नाही. उद्या हे बाटली घेऊन घरी गेले तर?"

चौघांनी माना डोलावल्या. एकसष्टावर तीन वर्षं काढून एकशे त्रेचाळीसवर आलेला लेसर माझ्या डोळ्यांसमोर बाटलीसकट बुडत होता. साधी अर्धपारदर्शक काच लावून हेच होईल, असं धाकटी सांगू लागली. "झालंय का?" बाईंनी विचारलं. नव्हतं झालं. काच आठवड्याने येणार.

साहेबांनी खिशातून एक छापील कागद काढला. देणगी-पत्र. त्यांच्या खिशात सगळ्या प्रकारचे कागद असतात. उभ्या उभ्या, दाराच्या चौकटीवर टेकवून भरला. बाटली, स्टील, एक, वापरलेली, संस्थेस विनाअट. मग सुईने कोरायची छोटी लेखणी काढून गोलाच्या आत श्वास रोखून, बाटली तसूभरही न हलवता, तिच्या खांद्यावर क्रमांक कोरला. तीनशे तेरा. पडद्यावर दाते एकदा थरथरले. एकशे त्रेचाळीस.

"आता ठीक," अध्यक्षबाई म्हणाल्या.

खोली राहिली. धाकटीची नेमणूक दोन वर्षांनी वाढली. मोडक्या खुर्च्या संचालकांच्या खोलीबाहेर ठेवणार आहेत.

सोमवार, ३१ मार्च

साहेब आज निवृत्त झाले. हे मला आज कळलं. धाकटीला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तिने विचारलं होतं म्हणे. चार वाजता येऊन त्यांनी अहवालाची प्रत दिली, ठोकळा परत केला, स्टुलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "चांगलं आहे स्टूल," म्हणाले.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी "बरं" म्हटलं.

बाटली परत देता येते का, ते धाकटी भांडारात विचारून आली. दिलेली वस्तू सात वर्षं काढता येत नाही. नियम साहेबांनीच लिहिलेला आहे.

बुधवार, २ एप्रिल

आज अहवाल वाचला. एकूण वस्तू तीनशे बारा, नंतरची देणगी एक, तफावत नाही. खाली एक ओळ: मोजणी पूर्ण झाल्याचा दिनांक, ५ मार्च.

पाच मार्च. पेचकस मी सहा तारखेला लपवले.

त्यानंतर तीन आठवडे हा माणूस सकाळी नऊला येऊन संध्याकाळी साडेपाचपर्यंत आमच्याकडे काय मोजत होता? धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही खरंच हुशार आहात," आणि जेवायला गेली.

रविवार, ६ एप्रिल

भांडारातून पत्ता घेऊन साहेबांकडे गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, लख्ख. दार उघडलं तेव्हा हातात नोंदवही होती. मला बघून ते गांगरले, मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "या. घराची मोजणी चालू आहे."

स्वयंपाकघर झालं होतं, बाहेरची खोली झाली होती. आतल्या खोलीत लाकडी कपाट होतं, त्याची दारं बंद. "ताईचं," ते म्हणाले. मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच वाढवलं, दोघंही लग्नाविना एकत्र राहिले. जानेवारीत गेली. "तेवढं एक राहिलंय. एकट्याने केलेली मोजणी धरत नाहीत. एकाने मोजायचं, दुसऱ्याने बघायचं आणि सही करायची. दुसरं माणूस लागतं."

मी चपला काढल्या. घरात दोन खुर्च्या होत्या. एक ओढून कपाटासमोर घेतली आणि बसलो. जरा डुगडुगत होती.

त्यांनी दारं उघडली.

"चष्मे," ते म्हणाले. "तीन."

मी पाहिलं. "तीन."

"त्यातला एक फुटका."

"एक फुटका."

"लोकरीचे गुंडे, सात. विणकामाच्या सुया, चार. अर्धा विणलेला स्वेटर..." इथे ते थांबले. मी घाई केली नाही.

"एक," मी म्हटलं.

"एक," त्यांनी लिहिलं.

बटणांच्या डब्याला दीड तास लागला. ते डबा ओतून एकेक बटण बाजूला सरकवायचे आणि मी आकडा मोठ्याने म्हणायचो. मध्येच चुकलो तर पुन्हा पहिल्यापासून. दोनदा चुकलो. खिडकीतलं ऊन कपाटावरून सरकून भिंतीवर गेलं. बायकोचा फोन आला, तिला उशीर होईल म्हटलं. ती म्हणाली, "बसा निवांत."

अकरा पानं झाली. प्रत्येक पानाखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. पूर्ण नावाची, वाचता येईल अशी.